शून्य तासांची नोकरी आणि ट्रेनिंगचं बिल

ब्रिटनमध्ये केअर होम, गोदाम किंवा हॉटेलात पार्टटाइम काम धरणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हाती जे करारपत्र पडतं, त्यात कधी कधी दोन वाक्यं एकाच वेळी असतात. एक अगदी सुरुवातीला: ‘कंपनी तुम्हाला कोणतेही किमान तास देण्यास बांधील नाही.’ दुसरं शेवटाकडे, बारीक अक्षरात: ‘बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास ट्रेनिंगचा खर्च तुमच्या पगारातून वळता केला जाईल.’ ही वाक्यं सुटी सुटी घेतली तर ब्रिटिश कायद्याला चालतात. एकत्र आली की मात्र साधा प्रश्न पडतो. काम द्यायला कंपनी बांधील नाही, मग थांबायला मी कशी बांधील?

पुण्याच्या आयटी कंपन्यांमध्ये ‘बाँड’वर सही करून आलेल्यांना यात नवीन काही वाटत नाही. ‘ट्रेनिंग दिलं, मग वर्षभर थांबायला नको का,’ असं तेच आपल्या धाकट्या भावंडांना समजावतात. पण बाँडचं गणित इथे जसंच्या तसं लागू होत नाही. ते का, हे कळायला आधी शून्य तासांचा करार नीट बघायला हवा.

झीरो अवर्स कॉन्ट्रॅक्टमध्ये कंपनी गरज पडेल तेव्हा शिफ्ट देऊ करते. तुम्ही हो म्हणालात तर त्या तासांचे पैसे मिळतात, नाही म्हणालात तर विषय संपला. एखाद्या आठवड्यात तीस तास मिळतात, पुढच्यात चार, त्याच्या पुढे रोट्यावर, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकात, नावच नसतं. ब्रिटनमध्ये सुमारे दहा लाख लोक अशा कराराखाली काम करतात. स्टुडंट व्हिसावर पदवी किंवा त्यावरचं शिक्षण घेणाऱ्यांना कॉलेजच्या सत्रात आठवड्याला वीसच तास काम करता येतं, म्हणून त्यांना ही पद्धत सोयीचीही पडते. परीक्षा आली की शिफ्ट नाकारता येते.

तासांची हमी नसली तरी बाकीचे बरेच हक्क शाबूत असतात. किमान वेतन मिळालंच पाहिजे. भरपगारी रजा साचत जाते, कामाच्या तासांच्या १२.०७ टक्के या दराने. पेस्लिप द्यावीच लागते. आणि ६ एप्रिल २०२० पासून कामाच्या पहिल्याच दिवशी अटींचं लेखी पत्रक देणं सक्तीचं आहे. या पत्रकात काय असावं याची यादी कायद्यातच आहे, आणि तिच्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे: कोणतं ट्रेनिंग सक्तीचं आहे, आणि त्यातल्या कशाचा खर्च कंपनी उचलणार नाही, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. म्हणजे नोकरी सोडताना ‘अरे हो, त्या तीन दिवसांचे पैसे द्यायचे राहिले’ असं अचानक आठवून चालत नाही.

२६ मे २०१५ पासून आणखी एक गोष्ट बदलली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शून्य तासांच्या करारात ‘दुसरीकडे काम करायचं नाही’ अशी अट घातली तर ती निष्प्रभ ठरते. ‘आमची परवानगी घेऊन करा’ हेही चालत नाही. त्यामागचा विचार रोखठोक होता: कामाची हमी देणार नसाल, तर माणसाला बांधूनही ठेवता येणार नाही. ट्रेनिंगच्या वसुलीचं कलम नेमकं या विचाराला वळसा घालून येतं, आणि मला खटकतं ते हेच.

वसुलीचं कलम मुळात कशासाठी असतं? स्कॉटलंडमधला १९८० च्या दशकातला एक खटला याबाबत नेहमी सांगितला जातो. स्ट्रॅथक्लाइड प्रादेशिक परिषदेनं आपल्या एका समाजसेविकेला पगारी रजा देऊन अभ्यासक्रमाला पाठवलं. परत येऊन दोन वर्षं काम करायचं, नाहीतर उरलेल्या काळाच्या प्रमाणात पैसे परत करायचे, असा करार होता. ती मधेच सोडून गेली आणि कोर्टानं वसुली योग्य ठरवली. खर्च खरा होता, मिळालेली पात्रता कुठेही वापरता येण्यासारखी होती, आणि जितके दिवस काम केलं तितकी रक्कम घटत जात होती. शिवाय परत आल्यावर तिच्यासाठी खुर्ची होती, पगार होता.

भारतातही मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या खटल्यात असाच कौल दिला. तीन वर्षांच्या आत राजीनामा दिल्यास दोन लाख रुपये भरायचे, ही अट न्यायालयानं वैध धरली. सरकारी बँकेला पुन्हा सगळी भरतीप्रक्रिया राबवावी लागते, हा त्यातला महत्त्वाचा विचार होता. पण तिथेही पक्की नोकरी होती, दरमहा पगार होता. टाळी वाजायला दुसरा हात होता.

शून्य तासांत तो दुसरा हातच नाही. यातून एक विचित्र पेच तयार होतो. पक्क्या नोकरीत ‘नोकरी सोडली’ म्हणजे काय हे कळायला अवघड नसतं, कारण राजीनाम्याला तारीख असते. इथे? समजा कंपनीनं सहा आठवडे एकही शिफ्ट दिली नाही. भाडं भरायचं म्हणून मुलीनं दुसऱ्या केअर होममध्ये काम धरलं. सातव्या आठवड्यात पहिल्या ठिकाणाहून फोन आला, तेव्हा तिला जमलं नाही. मग मेल आला: ‘तुम्ही नोकरी सोडल्याचं आम्ही गृहीत धरतो, ट्रेनिंगचे ३०० पाऊंड देणं लागता.’ सोडलं कुणी? तिनं, की काम द्यायचं थांबवणाऱ्यानं? करारातल्या वसुलीचा चाप कोणत्या घटनेनं ओढला जातो आणि ती घटना कुणाच्या हातात आहे, हे बघणं म्हणूनच पहिलं काम. ‘कोणत्याही कारणाने करार संपल्यास’ असं लिहिलेलं असेल तर चाप पूर्णपणे कंपनीच्या हातात आहे, आणि असं कलम कोर्टात टिकवणं कंपनीला सोपं जात नाही.

आता कायद्याकडे. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ त्यांची गल्लत केल्यानं होतो. तुम्ही कंपनीचं देणं लागता का, हा एक. ते देणं कंपनी परस्पर पगारातून कापू शकते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं.

पगारातून कपात करायला १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टच्या तेराव्या कलमानुसार आधार लागतो. एकतर कायद्यानं सांगितलेली कपात हवी (कर, नॅशनल इन्शुरन्स म्हणजे सामाजिक सुरक्षेची वर्गणी), किंवा करारात तशी तरतूद हवी आणि ती तुम्हाला आधी लेखी कळवलेली हवी, किंवा तुमची आधीची लेखी संमती हवी. ‘आधी’ याला वजन आहे. घटना घडून गेल्यावर घेतलेली सही त्या घटनेपोटी केलेल्या कपातीला आधार ठरत नाही. शेवटच्या दिवशी युनिफॉर्म परत करताना पुढे सरकवलेल्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी हे आठवावं.

संमतीची भाषाही नेमकी असावी लागते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पॉटर विरुद्ध हंट कॉन्ट्रॅक्ट्स’ या खटल्यात एका ड्रायव्हरच्या अवजड वाहनाच्या कोर्सचा खर्च कंपनीनं केला होता. लवकर सोडल्यास पैसे परत करायचे, हे कागदावर होतं. ते पगारातून कापले जातील, हे मात्र नव्हतं. अपील ट्रायब्युनलनं, म्हणजे नोकरीविषयक वादांच्या अपील न्यायाधिकरणानं, कपात बेकायदा ठरवली. ‘परत करीन’ म्हणणं वेगळं आणि ‘माझ्या पगारातून कापा’ म्हणणं वेगळं. कंपनीला आपले पैसे हवेच असतील तर तिनं दिवाणी कोर्टात दावा करावा. तीनशे पाऊंडांसाठी किती कंपन्या तेवढी उस्तवार करतील, हा अंदाज ज्याचा त्यानं बांधावा. शेवटचा पगार हातात असतो म्हणूनच त्यावर डोळा असतो.

कागद चोख असला तरी पुढे किमान वेतनाची भिंत आहे, आणि कमी पगाराच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती हीच. एप्रिल २०२६ पासून एकवीस आणि त्यावरच्या वयाला तासाला १२.७१ पाऊंड हा किमान दर आहे. वरच्या उदाहरणातल्या मुलीनं शेवटच्या महिन्यात चाळीस तास किमान दरानं काम केलं असं धरू. पगार झाला ५०८.४० पाऊंड. त्यातून ३०० कापले की उरले २०८.४०, म्हणजे तासाला ५.२१. ट्रेनिंग जर त्या कामासाठी सक्तीचं असेल, तर ही कपात किमान वेतनाच्या हिशोबात वजा धरली जाते आणि कंपनी किमान वेतनाचा भंग करते. तो सिद्ध झाल्यास थकबाकी तर द्यावी लागतेच, वर थकबाकीच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ‘पण तिनं सही केली होती’ हा बचाव इथे चालत नाही. किमान वेतनावर पाणी सोडण्याची सही मुळात वैधच नसते.

याला एक अपवाद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. लॉर्न स्ट्युअर्ट या कंपनीच्या खटल्यात अपील ट्रायब्युनलनं म्हटलं, की कर्मचाऱ्यानं स्वेच्छेनं राजीनामा दिला आणि करारानुसार त्यामुळे कोर्सचे पैसे देणं लागू झालं, तर ती कपात किमान वेतनाच्या हिशोबात धरायची नाही. म्हणजे ऐच्छिक कोर्स, स्पष्ट करार आणि स्वतःहून दिलेला राजीनामा हे तिन्ही असेल तर कंपनीची बाजू भक्कम होते. इथे पुन्हा आपण त्याच जागी येतो: सोडणं स्वेच्छेचं होतं का, आणि ट्रेनिंग तुम्ही मागितलं होतं की त्याच्याशिवाय कामाला हातच लावता येत नव्हता.

केअर होमच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. रुग्णाला उचलायचं कसं, औषधं द्यायची कशी, आग लागली तर काय करायचं, हे शिकवल्याशिवाय कुणाला वॉर्डात सोडताच येत नाही. इंग्लंडमध्ये कर्मचाऱ्यांना योग्य ट्रेनिंग देण्याची जबाबदारी २०१४ च्या नियमांनी केअर चालवणाऱ्या संस्थेवरच टाकली आहे. त्यात सुरक्षेशी संबंधित भागाला आणखी एक संरक्षण आहे. १९७४ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्याचं नववं कलम सांगतं, की कायद्यानं मालकावर घातलेलं विशिष्ट बंधन पाळण्यासाठी जे करावं लागतं, त्याचे पैसे एम्प्लॉईकडून घेता येत नाहीत. १९९९ चे नियम तर असं ट्रेनिंग कामाच्या वेळेतच द्यायला सांगतात. खाचखळगा एवढाच, की ही भाषा ‘एम्प्लॉई’साठी आहे, आणि शून्य तासांवरचा माणूस एम्प्लॉई आहे की नुसता ‘वर्कर’ (कायद्यानं एम्प्लॉईपेक्षा कमी हक्क असलेला), यावर वाद होऊ शकतो. किमान वेतन आणि बेकायदा कपात या दोन्हींसाठी वर्कर असणं पुरतं. म्हणून भांडण शक्यतो त्या दोन मैदानांवर करावं.

ट्रेनिंगच्या वेळेचं काय? कंपनीनं सांगितलेलं ट्रेनिंग म्हणजे काम. त्या तासांना किमान वेतन लागू होतं. ‘पहिले तीन दिवस ट्रेनिंग, त्याचे पैसे नाहीत’ हे वाक्य विद्यार्थ्यांना इतक्या सहजपणे ऐकवलं जातं की त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटतच नाही. रोज आठ तास धरले तर तीन दिवसांचे झाले चोवीस तास, म्हणजे ३०५.०४ पाऊंड. आता गंमत बघा. कंपनी तिच्याकडे मागते आहे ३०० आणि देणं लागते आहे ३०५. घरी बसून केलेले ऑनलाइन मोड्यूल यात धरलेलेच नाहीत. अर्थात या नाण्याला विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं दुसरी बाजूही आहे: ट्रेनिंग हे काम असेल तर ते आठवड्याच्या वीस तासांतही धरायला हवं. सत्र चालू असताना वीस तासांच्या शिफ्ट आणि वर ट्रेनिंग, असं करू नये.

रकमेबद्दल थोडं. खर्चाशी प्रमाण न राखणारी अवाच्या सवा रक्कम हा दंड ठरतो आणि कोर्ट तो वसूल करू देत नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं हा नियम नव्यानं मांडला. पण तो लागू होतो करारभंगाला, आणि रीतसर नोटीस देऊन नोकरी सोडणं हा करारभंगच नाही, असं कंपनीचे वकील म्हणतात. त्यामुळे सगळी भिस्त यावर ठेवू नये. तरीही खर्चाची फोड मागावी. तीनशे पाऊंड कुणाला दिले, कोणत्या कोर्सचे, पावती कुठे आहे? कंपनीच्याच सीनिअरनं कंपनीच्याच हॉलमध्ये घेतलेल्या ट्रेनिंगला ‘खर्च’ दाखवलेला असतो, तेव्हा या प्रश्नापुढे बरेचदा पत्रव्यवहार थांबतो. दरमहा घटत जाणारी रक्कम नसेल, अकराव्या महिन्यातही पूर्ण तीनशेच मागत असतील, तर तेही लिहून विचारावं.

स्पॉन्सर व्हिसावर गेलेल्या नर्सेस आणि केअर वर्कर्सची गोष्ट वेगळी. तिथे ट्रेनिंगच्या जोडीला विमानाचं तिकीट, परीक्षेची फी, राहण्याची सोय असं सगळं बिलात येतं. त्यांच्यासाठी इंग्लंडच्या आंतरराष्ट्रीय भरतीच्या आचारसंहितेत २०२२ मध्ये वसुलीच्या कलमांबद्दल चार तत्त्वं घातली गेली: पारदर्शकता, खर्चाशी प्रमाण, कालावधी आणि लवचिकता. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटची फी तर ३१ डिसेंबर २०२४ पासून कर्मचाऱ्यावर टाकताच येत नाही. आणि स्पॉन्सर केलेल्या माणसाला ठरलेला पगार द्यावाच लागतो, त्यामुळे त्याला शून्य तासांवर ठेवणं हा मुळातच मोठा नियमभंग आहे.

आयरिश समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये गेलं की चित्र बदलतं. युरोपीय संघाच्या २०१९ च्या एका निर्देशाच्या तेराव्या कलमानुसार, कायद्यानं किंवा सामूहिक करारानं मालकाला द्यावं लागणारं ट्रेनिंग कामगाराला फुकट मिळालं पाहिजे, त्याचा वेळ कामाचा धरला पाहिजे, आणि जमेल तेव्हा ते कामाच्या वेळेतच व्हायला हवं. आयर्लंडनं डिसेंबर २०२२ मध्ये हे आपल्या कायद्यात आणलं. शून्य तासांच्या करारांवर तर तिथे २०१९ पासूनच, मोजके अपवाद सोडता, बंदी आहे. ब्रिटननं निर्देश लागू होण्याआधीच संघ सोडला, म्हणून डब्लिनमधल्या मुलाला जे एका वाक्यात मिळतं ते लेस्टरमधल्या मुलीला चार कायदे जोडून मिळवावं लागतं. ब्रिटनच्या २०२५ च्या रोजगार हक्क कायद्यात नियमित तास काम करणाऱ्याला हमीचे तास देऊ करणं, शिफ्टची आगाऊ सूचना आणि आयत्या वेळी रद्द केलेल्या शिफ्टची भरपाई या तरतुदी आहेत, पण त्या लागू व्हायला २०२७ उजाडेल असं सरकारचंच वेळापत्रक सांगतं.

तोवर करायचं काय? करारपत्र, पहिल्या दिवसाचं पत्रक आणि सगळ्या पेस्लिप फोनमध्ये नव्हे, मेलवर ठेवा. रोट्याचे स्क्रीनशॉट आणि ‘या आठवड्यात शिफ्ट आहे का’ असे विचारलेले व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. काम देणं कुणी थांबवलं याचा तोच पुरावा. कंपनीनं पी४५ (नोकरी संपल्यावर मिळणारा पगार-कराचा दाखला) दिला असेल तर त्यावरची तारीख बघा. वाद झालाच तर फोनवर बोलू नका, लिहा. मजकूर साधा असू द्या: ‘ही कपात करारातल्या कोणत्या कलमानुसार केली ते कळवावे. खर्चाची फोड आणि पावती पाठवावी. कपातीनंतर माझा तासाचा दर किमान वेतनापेक्षा खाली गेला आहे, तरी रक्कम परत करावी.’ सभ्य भाषेत, तारीख टाकून.

यानं काम झालं नाही तर ॲकास ही सरकारी सलोखा संस्था आहे. तिचा सल्ला फुकट मिळतो, नंबर ०३०० १२३ ११००. ट्रायब्युनलमध्ये जाण्याआधी ॲकासकडे सलोख्यासाठी अर्ज करावाच लागतो. ट्रायब्युनलला २०१७ पासून फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. हक्काचे पैसे मागितले म्हणून व्हिसा रद्द होत नाही. मात्र वीस तासांची मर्यादा स्वतःच ओलांडलेली असेल तर आधी कॉलेजच्या किंवा स्टुडंट युनियनच्या सल्लागाराशी बोलावं. मुदत कपात झाल्यापासून तीन महिन्यांना एक दिवस कमी एवढीच आहे. नव्या कायद्यानं ती सहा महिने व्हायची आहे, पण आपल्या प्रकरणाला ती लागू आहे याची ॲकासकडून खात्री होईपर्यंत तीनच महिने धरून चालावं.